मेथीच्या वाफ्यातली भाकर

मला देवी करायला निघाली होती माणसं. मी झाले नाही. जिवंत राहिले आणि आता अकोल्यात नातवंडांच्या ताटांवर पहारा करत बसते. घरात कुणी पोरीचं कौतुक करताना म्हणालं, "काही मागत नाही हो, दोन घासांत उठते," की माझं डोकं फिरतं. म्हातारी चिडकी आहे म्हणतात. म्हणू देत. एका चिडक्या बाईनंच मला वाचवलं, तो गुण मी टाकणार नाही.

ती बाई म्हणजे माझी माय. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. अमरावतीच्या बाहेर आमचा भाजीचा मळा होता आणि घरही मळ्यातच, विहिरीपासून चार पावलांवर. वांगी, मेथी, कडेनं झेंडू. मोटेवर गडी असायचा. पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यांत वळवायचं काम मात्र बाबा कुणाच्या हाती देत नसत. घरात आम्ही चौघं: बाबा, माय, मी आणि बाबांची मोठी बहीण. आत्या विधवा होती आणि आठवड्यातले चार दिवस उपास करायची.

तेराव्या वर्षी मला बघायला पाहुणे आले. त्यांतली एक बाई चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "पोरगी थोराड दिसते." एवढंच. पुढे पोहे खाल्ले आणि निघून गेले. मी त्या दिवसापासून माझे दंड, माझे पाय, माझी सावलीसुद्धा बघायला लागले. श्रावण लागला तसे आत्याबरोबर सोमवार धरले, मग शनिवार, मग एकादशी. आत्या शेजारणींना सांगायची, "पोट्टी नाई, तपस्वीन आहे." मला तोपर्यंत कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. एकदम हरभऱ्याच्या झाडावर चढवल्यावर खाली कोण उतरतं? नवरात्रात मी नऊ दिवस रोज एका लवंगेवर काढले. दहाव्या दिवशी पुरणपोळी समोर आली आणि मला ती खाता येईना. खरंच येईना. घास हातात घेतला की छातीत धडधडायचं. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, कारण सांगण्याआधीच बाहेर बायका नारळ घेऊन उभ्या होत्या.

त्यांना माझ्यात अंबाबाई दिसली. माझे केस पुंजक्यांनी गळत होते, उन्हात बसूनही मी कुडकुडत होते, भाजीची रिकामी टोपलीसुद्धा मला उचलवत नव्हती. बायका मात्र म्हणायच्या, "चेहऱ्यावर तेज पाहा." कुणाला मूल हवं होतं, कुणाच्या गायीचं दूध आटलं होतं. मी हळदकुंकू लावून घ्यायची. बाजारात बाबांना लोक देवीचा बाप म्हणू लागले. साधा भाजीवाला माणूस, मान ताठ करून घरी यायचा. मी त्यांना दोष देत नाही असं म्हणायला हवं. पण मी देते.

माय एकटीच गप्प होती आणि ती गप्प राहणारी बाई नव्हती. एके सकाळी न्हाऊ घालताना तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि तांब्या आपटला. तडक बैलबंडीत वांग्यांच्या टोपल्यांशेजारी मला बसवलं आणि शहरात डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेलं. बाईंनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, मला बाहेर बसवलं. दार उघडंच होतं.

"हिला इथं ठेवा," त्या म्हणाल्या. "दोन महिने. घरच्यांपैकी कुणी भेटायला यायचं नाही. घरच्यांमुळेच मुली अशा होतात."

"घरच्यांमुळं झाली असन," माय म्हणाली, "तं घरचेच निस्तरतीन. म्या पोरगी ठेवत नाई. काय खाऊ घालू अन् किती वेळा, ते सांगा."

डॉक्टरीणबाई संतापल्या. तरी सांगितलं त्यांनी, तेवढं मी मान्य करते. एकदम पोटभर घालायचं नाही, त्यानंच माणूस दगावतो. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. आधी दूध, पातळ आंबील, मग वरण, मग भाकर. दर आठवड्याला आणून दाखवायचं. आणि एकटीला जेवायला बसवायचं नाही.

घरी आल्यावर मायनं आधी नारळवाल्या बायकांना बाहेरची वाट दाखवली. मग माझ्यासमोर मांडी घातली. सहा वेळा. तिची सगळी कामं खोळंबून पडायची आणि ती हलायची नाही. मी वाटी भिंतीवर फेकली. तिला वैरीण म्हटलं, आणखीही काय काय म्हटलं, ते लिहिण्यासारखं नाही. ती भिंत पुसायची, दुसरी वाटी भरून आणायची.

"हे तू नाई बोलून राहिली," ती म्हणायची. "तुह्या पोटात जे बसलं हाय ना, ते बोलून राहिलं. त्याले म्या भेत नाई. खाय."

मी मग शहाणी झाले. म्हणजे लबाड झाले. घास तोंडाकडे न्यायचा, तो परकराच्या ओच्यात सोडायचा आणि हात धुवायला पाटावर जायचं. पाणी सगळं घेऊन जायचं. माय रिकामी ताटली बघून सुखानं निजायची आणि मी जिंकले असं मला वाटायचं. भाजीवाल्याच्या घरची पोर मी, पाटाचं पाणी कुठं जातं हे मला कळू नये?

बाबांना कळलं. मेथीला पाणी देताना वाफ्याच्या तोंडाशी काहीतरी अडलं म्हणून त्यांनी हात घातला, तर ज्वारीच्या भाकरीचा फुगलेला लगदा. पुढच्या वाफ्यात तेच. फावडं तिथंच टाकून ते ओंजळ भरून घरात आले आणि चुलीपुढे तो लगदा ठेवला. आता मार बसणार म्हणून मी डोळे मिटले. बाबा मात्र खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

"लोकायनं देवीचा बाप म्हटलं, मले गोड लागलं," ते म्हणाले. "पोरगी मरून राहिली अन् म्या मिरवून राहिलो."

त्या दिवसापासून बाबाही समोर बसू लागले. पाणी वळवायचं काम गड्याकडे गेलं. यापेक्षा मोठी गोष्ट त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कुणासाठी सोडली नसेल.

आता दोघांच्या चार डोळ्यांतून सुटका नव्हती. मग मी शेवटचं हत्यार काढलं. मायला म्हटलं, "तू काहून नाई खात? पहिले तू खाय."

माय गोंधळली. घरात बाबा आधी जेवायचे, मग आत्या आणि मी. मायचं ताट असं कधी नव्हतंच. सगळ्यांचं झालं की ती चुलीकडे तोंड करून पातेल्यातलं उरलंसुरलं खायची. आत्या म्हणाली, "बाप्याच्या पंगतीत बाईमाणूस? शोभते काय?" बाबा उठले, फळीवरून ताट काढलं आणि फावड्याच्या हातांनी मायला वाढलं. भाकर, वरण, मिरचीचा ठेचा. वरण सांडलं थोडं.

मायनं घास उचलला आणि तिचा हात तिथंच थांबला. सगळे तिच्याकडे बघत होते. तिला तो तोंडात घालवेना. माझ्याच हातासारखा तिचा हात थांबलेला मी पाहिला आणि आतून इतकी लाज वाटली, इतकी माया आली, की काय सांगू. "तू एक, मी एक," मी म्हटलं. तसेच आम्ही जेवलो. तिचा एक घास, माझा एक.

हे सगळं एका दिवसात सुटलं असं कुणी समजू नये. हिवाळाभर, उन्हाळाभर भांडलो. चार घास पुढे, दोन मागे. कधी मी रात्रंदिवस रडले, कधी माय रागानं ताट माझ्यापुढे आपटून गेली आणि लगेच परत आली. होळीनंतर केस गळायचे थांबले. पावसाळ्यात मी टोपली उचलली, अर्धी भरलेली.

मग नवरात्र आलं. अष्टमीला वस्तीतल्या बायका पुन्हा दारात. आत्यानंच निरोप दिला असावा. मला घटाशेजारी बसवायचं होतं, गेल्या वर्षीसारखं उपाशी. हातात नारळ, डोळ्यांत भाव. त्यांनी वाकून माझ्या पायाला हात लावला आणि मला ते गोड लागलं. वर्षभराच्या भाकरीनंतरही गोड लागलं. खोटं कशाला सांगू?

माय आतून आली. पहिल्या बाईच्या हातातला नारळ घेतला, उंबऱ्यावर आपटून फोडला आणि सगळ्यांदेखत एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. अष्टमीचा निर्जळी उपास मोडला तिनं. आत्यानं तोंडावर पदर घेतला. मायनं दुसरा तुकडा माझ्यापुढे धरला. या वेळी ती खाय म्हणाली नाही. नुसती चावत उभी राहिली, माझ्याकडे बघत.

मागे बाबा उभे होते. पुढे बायका. छातीत तीच जुनी धडधड. मी तुकडा घेतला आणि चावला. ओलं खोबरं, गोडसर, दाताखाली करकरणारं. गिळलं. पुन्हा हात पुढे केला.

"देवी उठून गेली वं माय," पायऱ्या उतरताना एक बाई हळहळली.

"जाऊ द्या तिले," माय तोंडातला घास न गिळताच म्हणाली. "माही पोरगी जेवून राहिली."