चुकलेल्या सुराखाली

"पियानो काढला तर इथे आणखी दोन टेबलं बसतील," पबचा मालक मोजायची टेप उलगडत बारवरच्या बाईला म्हणाला. मी शेजारीच लेमन स्क्वॉशसाठी उभी होते. पियानो तर तेव्हा वाजत होता.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी परदेशात, क्लेटनला, युनीच्या म्हणजे विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि दादा मला दर रविवारी दुपारी या पबमधल्या जॅझला घेऊन यायचा. खरं तर 'खोलीबाहेर पड' म्हणून ओढून आणायचा. पियानो वाजवणारी बाई साठीची होती. आठवडाभर ती प्राथमिक शाळेत शिकवायची.

जॅझमध्ये प्रत्येकाचा सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायचा भाग, संपला की टाळ्या वाजवायची पद्धत. सॅक्सोफोनवाल्याला त्या भरपूर मिळायच्या. पियानोचा सोलो सुरू झाला की लोक बिअर आणायला उठायचे. मी कॉन्व्हेंटमध्ये पियानोच्या परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे माझं लक्ष तिच्या हातांवर असायचं. सॅक्सवाला एखादा सूर चुकला की ती खालून असा कॉर्ड, तीन-चार सुरांचा मेळ, लावायची की तो सूर मुद्दामच घेतलाय असं वाटावं. टाळ्या अर्थातच त्याला.

त्या दिवशी मी स्क्वॉश घेऊन टेबलाशी बसले तेव्हा तसंच झालं, आणि माझ्या तोंडून गेलं, "वा!"

पुण्यात बाबांबरोबर गाण्याच्या बैठकींना बसून लागलेली सवय. इथे मध्येच कोणी दाद देत नाही. चार माना वळल्या. सॅक्सवाल्याने मला वाकून सलाम केला.

"अगं, काय करतेस?" दादाने टेबलाखालून पाय मारला. "घरी तोंडातून शब्द निघत नाही, आणि इथे बैठक!"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मध्यंतरात ती बाई सरळ आमच्या टेबलाशी आली.

"ते मला होतं ना?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"वाटलंच. बरोबर त्या कॉर्डवर आलं." ती हसली. "पियानो काढणार म्हणतात, आता दोनच रविवार उरलेत. पण कोणीतरी ऐकलं म्हणायचं."

ती परत जाऊन बसली. दादा म्हणाला, "चल, निघू या."

"थांब जरा," मी म्हटलं आणि बारपाशी गेले. मालक कागदावर टेबलांची मापं लिहीत होता.

"पियानो काढू नका," मी म्हटलं.

"काळजी नको गं," तो वर न बघता म्हणाला. "सॅक्स राहणारच आहे. लोक त्याच्यासाठीच येतात."

नेहमीची मी इथे 'सॉरी' म्हणून परतले असते.

"पुढच्या रविवारी त्याचं ऐकू नका, तिचं ऐका," मी म्हटलं. "तो चुकतो तेव्हा सावरतं कोण, ते कळेल. मग ठरवा."