सुरई आणि बूट पॉलिश

नव्वदच्या दशकाच्या शेवटी अबू धाबीतल्या रुवैसच्या रिफायनरीत माझ्याबरोबर एक अमेरिकन वेल्डिंग इन्स्पेक्टर होता. काळा, साठीला टेकलेला. त्याचे आजोबा जग-बँडमध्ये वाजवायचे. वाद्यं घ्यायला पैसे नसत, म्हणून ही माणसं दारूच्या रिकाम्या मातीच्या बुधल्यात, म्हणजे 'जग'मध्ये, फुंकून खर्ज काढायची आणि कपडे घासायच्या पत्र्यावर ठेका धरायची. त्या जुन्या ब्लूजच्या कॅसेट्स त्यानं मला ऐकवल्या आणि मी पार वेडा झालो. अल ऐनच्या बाजारातून मातीची सुरई आणली, महिनाभर फुंकून घर डोक्यावर घेतलं. तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात आम्ही चौघांनी हाच आयटम ठरवला आणि त्याला पहिल्या रांगेचं आमंत्रण दिलं. आजोबांचं संगीत इथं वाळवंटात ऐकायला मिळणार, म्हणून तो हरखून गेला होता.

कार्यक्रमाच्या दिवशी विंगेत मंडळाचे अध्यक्ष बूट पॉलिशची डबी उघडून उभे. धंद्यानं केटरिंगवाले, कार्यक्रमाचे स्पॉन्सरही तेच.

"अहो, तुम्ही अमेरिकेतले काळे आहात हे पब्लिकला कळणार कसं? यल्ला, तोंडं पुढे करा. फुल कॉमेडी होईल!"

"बाहेर तो बसलाय हो," मी म्हणालो.

"मग? त्याला तर आवडेल, हबीबी! नसेल करायचं तर आयटम खलास, नाट्यगीत घेतो."

गोऱ्यांपुढे वाजवताना त्या आजोबांना मुळातच काळ्या तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासावी लागे, हे त्यानं मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं होतं. आम्हा चौघा वाजवणाऱ्यांत हे फक्त मला ठाऊक होतं. तरी मी तोंड पुढे केलं. का, तर महिन्याची मेहनत वाया जायला नको! आजही त्या पॉलिशचा वास आठवला की मला स्वतःचीच किळस येते.

पडदा उघडला आणि आमची पुण्या-मुंबईची सुशिक्षित, पगारदार मंडळी फिदीफिदी हसत सुटली. सुरईचा सूर कुणी ऐकलासुद्धा नाही. पहिल्या रांगेत तो हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बसून होता.

"सर, प्लीज कम, वन फोटो!" अध्यक्षांनी माइकवरून त्याला बोलावलं. त्यानं हातानंच नको म्हटलं. टाळ्या थांबेनात, तेव्हा उठला, स्टेजवर येऊन आमच्या फासलेल्या तोंडांच्या मधोमध उभा राहिला.

"तुला तर माहीत होतं," तो इंग्रजीत हळूच मला म्हणाला.

मला तिथल्या तिथे माफी मागायची होती. तेवढ्यात कॅमेरावाला "स्माइल" म्हणाला.

फोटो मंडळाच्या अंकात छापून आला. त्यात सगळ्यांत जास्त दात माझे दिसतात.