विदा केंद्राची लाइन

शेतीची लाइन बंद असताना मी सबस्टेशनचा लोड पाहिला आणि ‘अजून जागा शिल्लक आहे’ असा रिपोर्ट देऊन टाकला. बंद हॉटेलात डोकावून ‘टेबलं रिकामी आहेत’ म्हणावं, तसं.

नांदगाव खंडेश्वरकडच्या त्या सबस्टेशनवरून शेतीला एक आठवडा दिवसा लाइन असायची, एक आठवडा रात्री. मी, वीज कंपनीचा इंजिनिअर, गेलो रात्रपाळीच्या आठवड्यात, भर दुपारी. मीटरचा काटा जेवून आडवा झाल्यासारखा पडला होता. मीही जेवूनच गेलो होतो.

त्या रिपोर्टवर एका डेटा सेंटरला कनेक्शन मिळालं. डेटा सेंटर म्हणजे कॉम्प्युटरांचं गोदाम. ते क्षणभरही बंद होत नाही. वर त्याला थंड ठेवायला एसी. ते सुरू झाल्यापासून शेतीची लाइन सोडली, की व्होल्टेज बसायचं. पंपाची मोटर नुसती घूं घूं करायची, फिरायची नाही. काही जळाल्या.

रशीदभाईंची संत्र्याची बाग त्याच लाइनवर. बोअरला पाणी होतं, वर येत नव्हतं. आधी आंबिया बहाराची फुलं गळली, मग पानं.

मी अमरावतीला साहेबांकडे गेलो.

“सर, रिपोर्ट चुकला. मोठा ट्रान्सफॉर्मर लागेल.”

“पुढच्या वर्षी बघू. तोवर शेतीचे तास कमी करा.”

“डेटा सेंटरचे?”

“शुद्धीवर आहात ना?”

तास कमी केले. मीच. सांगायला बागेत गेलो, तर करवत चालू होती. वाळलेली झाडं ट्रॉलीत पडत होती. अशा वेळी मला शुद्ध मराठीची उबळ आली.

“रशीदभाई, तिकडे विदा केंद्र आहे. त्याला प्राधान्य द्यावं लागतं.”

“विदा? कोनाची बिदाई हाय जी?”

“तसं नाही. विदा म्हणजे माहिती. सगळ्यांची तिथे साठवतात.”

“मंग माह्या बागेत लाइन कवा येते, हे बी असंन त्यात?”

काटा पाहण्याआधी स्विच पाहावा, हे मी तिथे ट्रॉलीशेजारी उभा राहून शिकलो. बागेला त्याचा उपयोग नव्हता. शेवटी सगळं कबूल केलं आणि म्हटलं, “माझी बदली मागा वर.”

“काहून? तुमाले विदा केलं, तर दुसरा येईन. तो बी लाइन बंद असतानाच मीटर पाह्यन. तुमी राहा जी. तुमचं येडेपन आमाले मालूम तरी हाय.”