पासवर्ड माहीत असूनही

जुन्नर-आंबेगावच्या कॉम्प्युटर ऑपरेटर भावाबहिणींनो, मशीनसमोर आपण बसतो आणि हुकूम दुसऱ्याचा चालतो.

आज सकाळी मीच एका संस्थेच्या साहेबांच्या मोबाईलला ऑफिसचा कॉम्प्युटर जोडून दिला, म्हणजे तो कुठूनही मोबाईलवरून चालवता येईल. साहेब खूश होऊन पुण्याला गेले.

दुपारी तिथल्या ऑपरेटर शाहीनताईंचा फोन आला. त्या आणे गावच्या एका मुलीला शेजारी बसवून तिचा नर्सिंगचा फॉर्म भरत होत्या. मुदत पाचपर्यंत. लोडशेडिंगमुळे गावात इन्व्हर्टरवरचा हा एकच कॉम्प्युटर चालू. तेवढ्यात साहेब मोबाईलवरून आत शिरले आणि ताईंची स्क्रीन लॉक झाली. साहेबांच्या मोबाईलवर नेट चालू असलं की कॉल लागत नाही, म्हणून त्यांना फोनही लागेना.

मी धावत गेलो. म्हटलं, "ताई, पासवर्ड टाका. स्क्रीन परत मिळेल."

"मिळंल वो. पण सायब भायर फेकले जातील. मग नोकरी तुमी देणार का?"

ताई, ती मुलगी आणि मी, तिघंही लॉक झालेल्या स्क्रीनकडे बघत बसलो.

साहेब बाहेर पडले तेव्हा सव्वापाच झाले होते. त्यांना नुसती हजेरी बघायची होती. मुलगी म्हणाली, "असू द्या ताई, तुमी तरी काय करणार."

करता येतं. उद्या ऑफिसात गेलात की साहेबांना तोंडावर सांगा: आत येण्याआधी मला फोन करा.