भर दुपारचा बल्ब

पायस फर्नांडिसवर संशय! अहो, उद्या सूर्य मालवणच्या समुद्रातून उगवणार असं कोणी सांगितलं असतं, तर खाजणवाडीच्या लोकांनी एक वेळ मान डोलावली असती. पण पायसने चोरांना टीप दिली? आणि हा संशय कुठे, तर शाळेच्या पडवीत, भरसभेत, त्याच्या बायकोच्या देखत. लोकांच्या हातातले चहाचे कप तसेच राहिले.

म्हणजे समीक्षा मॅडमनी नाव घेतलं नाही. पोलीस ठाण्यातल्या त्या नव्या फौजदार. बाई हुशार, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी भिंतीवर तालुक्यातल्या गुन्ह्यांचे आलेख दाखवले. मारामाऱ्या कमी झालेल्या. दारू पिऊन धिंगाणा, बांधावरून कोयते काढणं, सगळं उतरणीला लागलेलं. लोक खुशीत माना हलवत होते. मग एक लाल रेघ आली. गेल्या पावसाळ्यानंतर ती जी वर चढली होती, ती थांबायचं नावच घेत नव्हती. बंद घरं फोडण्याची रेघ.

"आता हे नीट बघा," मॅडम म्हणाल्या. "पूर्वी घरफोड्या रात्री व्हायच्या. आता भर दुपारी होतात, लोक जेवून आडवे झाले की. आणि एकदाही चोर राहत्या घरात शिरलेले नाहीत. एकदाही नाही! शेजारचं म्हाताऱ्यांचं घर सोडतात आणि नेमकं बंद घर धरतात. बाहेरच्या माणसाला हे कसं कळतं? टीप देणारा गावातलाच असणार."

खाजणवाडीतल्या बंद घरांची खडान्‌खडा माहिती एकाच माणसाकडे होती. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. बिचारा पायससुद्धा मागे वळून बघायला लागला, हे सगळे बघतायत तरी कोणाकडे म्हणून. मागे भिंत होती. तेव्हा त्याला कळलं.

पायस हा वीज मंडळातला निवृत्त वायरमन. वादळात खांब कोसळले की अख्खं गाव दारं लावून बसायचं आणि हा शिडी खांद्यावर टाकून बाहेर पडायचा. वाडीत पहिली वीज आली ती याच्या हाताने. पुढे एकेक घर रिकामं होत गेलं. कोणी वसईला, कोणी गोव्याला, कोणी कुवेतला. जाताना प्रत्येकाने चावी आणून पायसच्या हातात दिली, कारण दुसऱ्या कोणाच्या हातात देणं सुचायचंच नाही. तो घरं उघडायचा, वारा खेळवायचा, वाळवी बघायचा. ख्रिस्तांवांच्या घरी आल्तारावर मेणबत्ती लावायचा आणि हिंदूंच्या घरी तुळशीला पाणी घालायचा. पैसे विचारले तर रागवायचा. त्याची एकच मिजास होती, गाव आपल्यावर विश्वास टाकतं. त्या मिजाशीवर माणूस जगत होता म्हणा ना.

बंद घर अंधारात पडलं की चोराला आवतण, हे त्याच्या वायरमनच्या डोक्याने फार आधी ओळखलं होतं. म्हणून त्याने प्रत्येक बंद घराच्या पडवीत एक बल्ब लावला. सुरुवातीला सांजेला पेटवायचा, सकाळी विझवायचा. मग गुडघे बोलायला लागले. एलईडीला वीज ती किती लागणार? राहू दे पेटलेला रात्रंदिवस! अँजेलिना, त्याची बायको, त्याला चिडवायची, "बरे दिवे लावल्यात तुमी गावभर!" पण मागच्या फौजदारांना ही युक्ती इतकी आवडली की गेल्या वर्षी त्यांनी पायसला शाल-श्रीफळ दिलं आणि त्याचा व्हिडिओ करून तालुक्याबाहेरही फिरवला. "बल्ब पेटलेलोच रवांदे, चोराक वाटतलां घरात माणूस आसा," असं पायस त्यात हसत हसत सांगतो. लोकांनी तो मुलाच्या लग्नाच्या फोटोसारखा एकमेकांना पाठवला.

सभेच्या आधीच्या आठवड्यात रिशेलचं घर फुटलं होतं. रिशेल म्हणजे पायसच्या चुलतभावाची मुलगी, वसईला असते. घरातली तांब्याची भाणी गेली, पितळी समया गेल्या आणि आल्तारावरचा चांदीचा क्रूसही गेला. तिच्या आईने शेवटचे डोळे मिटले ते त्या क्रूसाकडे बघत. रिशेल फोनवर रडली, पण रडता रडता एक प्रश्न विचारून गेली, "पायस अंकल, चावी दुसऱ्या कोणाकडे नव्हती ना?" कुलूप फोडलेलं होतं, चावीचा संबंधच नव्हता. तरी तिने विचारलं. तो प्रश्न पायसच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून राहिला.

सभेनंतर तर कमालच झाली. लोक तोंडावर काही बोलेनात, पण चाव्या परत मागू लागले. कोणी म्हणे पाहुणे येणार, कोणी म्हणे रंग काढायचाय. शेवटी गुणाजी आला. गुणाजी रापणीवर मासे ओढणारा, पायसचा शाळेपासूनचा दोस्त. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"भावाची चावी व्हयी होती रे," तो चपलेकडे बघत म्हणाला. "तो थंयसून फोन करून डोक्यां खाता. माजां काय नाय हां त्यात."

"तुकाय तसांच वाटता?" पायसने विचारलं.

गुणाजीने नुसता हात पुढे केला. पायसने खुंटीवरची चावी काढून दिली. तो गेल्यावर अँजेलिना स्वयंपाकघरातून ओरडली, "कुंपणच शेत खाता असां म्हणतत मेले! तुमी गप काय बसल्यात?" त्या दिवशी तो जेवला नाही.

आणि मग बांद्याच्या पोलीस ठाण्यातून निरोप आला. महामार्गावर एक गाडी अडवली होती आणि डिकी भांड्यांनी भरलेली होती. रिशेलचा क्रूस ओळखायला कोणीतरी हवं होतं. मॅडमनी पायसलाच बोलावलं. खरं काय ते समोरासमोर निघेल, असा त्यांचा हिशेब असावा. गुणाजी मुकाट्याने स्कूटर घेऊन आला. लाज वाटली असेल.

क्रूस तिचाच होता. पायसने तो दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. समोर बाकावर चोर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, बँकेत असतो म्हणाला असता तर कोणीही मानलं असतं.

मॅडमनी पायसकडे बोट केलं. "यांना ओळखतोस? टीप कोण द्यायचं?"

चोराने पायसकडे पाहिलं. हा मेला आता काहीतरी खोटं बोलला तर?

"टीप कसली, मॅडम?" चोर म्हणाला. "टीप घेतली की वाटा द्यावा लागतो. आम्ही आपले दुपारी गाडीतून फिरतो. ज्या घराच्या पडवीत भर उन्हात बल्ब जळतोय, ते घर बंद. आत माणूस असता तर विझवला नसता? पूर्वी दिवसच्या दिवस नजर ठेवायला लागायची. गेल्या वर्षापासून तुमच्या भागात ही सोय झाली बघा."

"आवशीचो घो!" एवढंच गुणाजीच्या तोंडून बाहेर पडलं.

मॅडम सावरल्या. पायसजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तुमच्यावरचा संशय संपला. तुमचं नाव यात कुठेही येणार नाही." ज्या शब्दांसाठी माणूस इतके दिवस तळमळत होता, ते शब्द मिळाले. आणि त्याला ते ऐकूच गेले नाहीत. संशय कसला? चोराला घर दाखवणारा माणूस तोच होता की! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

परतताना गुणाजीने महामार्ग सोडून आतला रस्ता धरला. ऊन मी म्हणत होतं. ज्या गावाचं नावही पायसला धड माहीत नव्हतं, अशा एका गावात तो एकदम म्हणाला, "थांब रे!" रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं होती. कुठे वाळत घातलेले कपडे, कुठे काहीच नाही.

"ह्यां बंद," पायस बोट दाखवत म्हणाला. "तां राहतां. तां आंब्याखालचां, तांय बंद."

"तुका काय म्हायत? हयसर तू कदी येवक नाय!"

"माका म्हायत नाय रे गुणाजी. बल्ब बघ."

गुणाजीने बघितलं. पुढचं गावही तसंच. धामापूरलाही तेच. कोणा कोणा भल्या शेजाऱ्याने, पायसचा व्हिडिओ बघून, विश्वासाने लावलेले बल्ब. ती लाल रेघ कोणी वर चढवली होती ते आता पायसला कळलं. भर रस्त्यात, स्कूटरवर बसल्या बसल्या, तो लहान पोरासारखा रडला.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "आम्ही पोलिसांतर्फे सूचना काढतो, दिवसा बल्ब विझवा म्हणून. तुम्ही कशाला पुढे येताय? आत्ताच कुठे नाव स्वच्छ झालंय."

"तुमची सूचना कोण वाचणार, मॅडम?" पायस म्हणाला. "लोकांनी बल्ब माझ्या शब्दावर लावलेत. विझवतील तेही माझ्याच शब्दावर."

अँजेलिनाने हात धरला. "अवो, आता सुटल्यात मां तुमी? परत गावाच्या तोंडाक कित्याक लागतास?"

"बंद घरां सगळी उघडी पडली गो," तो म्हणाला. "माजां नाव घेवन काय करू?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो रिशेलच्या पडवीत, पेटलेल्या बल्बखाली उभा राहिला. शाल नव्हती, हसू नव्हतं. फोन अँजेलिनाच्या हातात होता, म्हणून तो व्हिडिओ आजही जरा हलतो. वर्षापूर्वीचा व्हिडिओ जिथे जिथे गेला, तिथे तिथे हाही गेला, वसईला रिशेलच्या फोनवरसुद्धा.

"मी पायस फर्नांडिस, खाजणवाडीचो," तो त्यात म्हणतो. "चोरांक टीप मीच दिलंय. ही बघा." आणि तो हात वर करून बल्ब दाखवतो, मग भिंतीकडे वळून बटण दाबतो.