कपाळावर उतरलेला रंग

शेजारची मंदा सकाळीच आली. घरी केस रंगवताना कपाळाला आधी तेल लावायचं विसरली होती, त्यामुळे कपाळ आणि कान काळे झाले होते. नवरा गेल्यानंतर तिने पहिल्यांदाच रंग लावला होता आणि दुपारी सासूबाई गावाहून येणार होत्या.

"वहिनी, सगळंच काढता येईल का हो?"

मी खोबरेल तेलात कापसाचा बोळा बुडवून डाग पुसायला घेतले. कातडीवरचा रंग तेलाने सुटतो, केसांवरचा सुटत नाही. बाई नवऱ्यासाठी किती झुरते, हे लोक तिच्या केसांवरून ठरवतात. पांढरे दिसले की त्यांचं समाधान होतं.

"डाग जातील," मी म्हटलं. "केस काळेच राहतील."

मंदाने आरशात बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "भांग तेवढा सरळ पाडून द्या."