पस्तीस हा कोणता रंग?

गांगशान गावात दर तिसरं दार स्क्रूच्या कारखान्याचं. त्यातल्याच एका कारखान्यात च्यू सू-ल्वान सव्वीस वर्षं डेटाबेस सांभाळत होत्या. कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता स्क्रू, केवढ्या लांबीचा, किती पेट्या, सगळं त्यांच्या ताब्यात. लहानथोर त्यांना ल्वानताई म्हणत. रोज बॅकअप घ्यायचा, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून तिकडच्या रिवाजाप्रमाणे सर्व्हरच्या डोक्यावर हिरव्या पुडीतले नारळी कुरकुरे ठेवायचे, आणि मुदत संपायच्या आत पुडी बदलायची, ही त्यांची तीन व्रतं. यंत्राला हिरवाच रंग शुभ, म्हणून पिवळी पुडी ठेवणाऱ्याला त्यांनी एकदा खोलीबाहेर काढलं होतं.

त्यांच्यावर संकट आलं ते तपासनिसाच्या रूपाने. परदेशी गिऱ्हाइकाने पाठवलेला हा माणूस कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या फायली चाळत होता. ल्वानताईंच्या फायलीत एकच कागद निघाला: आग विझवायचं नळकांडं कसं धरावं, अर्धा दिवस, सन २००९.

"डेटाबेसचं काहीच शिकला नाहीत?" त्याने विचारलं.

"तो मीच बनवलाय," ल्वानताई म्हणाल्या. "शिकू कुणाकडे?"

मालक च्येन साहेब घाईघाईने खाकरले. तपासनीस गेल्याबरोबर त्यांनी ल्वानताईंचं नाव काओशुंग शहरातल्या तीन दिवसांच्या वर्गात घातलं.

"आणि इथे मागे काही झालं तर?" ल्वानताईंनी विचारलं.

"तुम्हाला फोन करू की."

"मग शिकायला पाठवताय की फोन उचलायला?"

पण गेल्या. शिकवणारे फान सर तिशीचे, बोलायला चुरचुरीत, शर्ट इतका कडक इस्त्रीचा की वाकायची चोरी. दोन दिवस ल्वानताईंनी तोंड वाकडं करून ऐकलं आणि वहीत मात्र सतरा पानं लिहिली. बॅकअप नुसता घेऊन भागत नाही, तो परत उघडूनही बघावा लागतो, हे ऐकल्यावर त्यांना दुपारच्या डब्यातली कोंबडीची तंगडी गोड लागली नाही. सव्वीस वर्षांत त्यांनी एकदाही उघडून बघितला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी फान सरांनी पडद्यावर एक नकाशा टाकला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'असं कधीही करू नका'.

"एका खऱ्या कारखान्याच्या डेटाबेसची ही प्रत आहे," सर म्हणाले. "नाव सांगत नाही, अब्रूचा प्रश्न आहे. हा रकाना बघा. नाव 'रंग'. आत काय? पस्तीस. आता मला सांगा, पस्तीस हा कोणता रंग?"

वर्ग हसला. ल्वानताईही हसल्या, आणि मध्येच पडद्याकडे वाकून बघायला लागल्या. त्या नकाशात 'टीप एक' होती, 'टीप दोन' होती, आणि 'टीप दोन खरी'सुद्धा होती. तीन वर्षांपूर्वी साहेबांनी कुठल्याशा सल्लागार कंपनीला कारखान्याच्या डेटाबेसची एक प्रत दिली होती. फान सर तेव्हा तिथेच नोकरीला असणार.

शेजारी माशांच्या खाद्याच्या कारखान्यातले लाय नावाचे गृहस्थ बसले होते. ते डोळे पुसत म्हणाले, "हे बनवणाऱ्याला पकडून आणला पाहिजे!"

"आणलाय," ल्वानताई पुटपुटल्या.

"काय म्हणालात?"

"काही नाही. चहा गार झाला म्हटलं."

सर आता रंगात आले होते. "आणि हे रत्न बघा. या तक्त्याचं नाव आहे 'हात लावू नका'. आत एकच ओळ, तिच्यात एकच आकडा. असली अडगळ दिसली की काय करायचं? काढून टाकायची!"

"सर, नको!" ल्वानताई उभ्या राहिल्या होत्या. पण सरांचं बोट त्यांच्या आवाजापेक्षा चपळ निघालं.

"बघा. कुणाचं काही अडलं?" असं म्हणून सरांनी नमुन्यादाखल एक नवी ऑर्डर भरायला घेतली. ऑर्डर जाईना. दुसरी भरली. तीही जाईना. पडदा लालेलाल झाला.

"शेवटच्या ऑर्डरचा नंबर होता तो," ल्वानताई म्हणाल्या. "प्रत्येक नवी ऑर्डर तिथून पुढचा नंबर उचलते. म्हणून तर हात लावू नका म्हटलं होतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच म्हटलं होतं."

लाय चाचरत म्हणाले, "ताई, ते पकडून आणायचं... मी आपलं गमतीनं..."

ल्वानताई पुढे गेल्या, सरांच्या खुर्चीत बसल्या आणि पाच मिनिटांत तक्ता परत उभा केला. ऑर्डर गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फान सरांनी कमरेत वाकून माफी मागितली. "चूक झाली, ताई. का आहे ते विचारल्याशिवाय काढायला नको होतं."

तिथेच खाली बसल्या असत्या तर त्या दिवसाची बाजी त्यांचीच होती. पण वहीतली सतरा पानं टोचत होती.

"त्याचं नाव 'ऑर्डर नंबर' ठेवलं असतं तर तुम्ही कशाला काढलं असतं?" त्या म्हणाल्या. "आणि रंगाचं तुमचं बरोबर आहे. जुन्या मालकांना दोन तासांत स्क्रूची लांबी नोंदवून हवी होती. तेव्हा सगळे स्क्रू एकाच रंगाचे, म्हणून तो रकाना रिकामा होता. मी लांबी त्यात भरली."

"आणि आता रंगीत स्क्रू बनवत असाल तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"तो रंग 'टीप दोन खरी'मध्ये आहे."

या वेळी वर्ग हसला तेव्हा सगळ्यात मोठ्यानं त्याच हसल्या. मग लाय यांनी आपल्या कारखान्यात माशांचं वजन 'फोन नंबर'च्या रकान्यात असल्याचं कबूल केलं. मागच्या बाकावरून आणखी दोन हात वर झाले.

परतल्यावर ल्वानताईंनी आधी बॅकअप उघडून बघितला. अर्धाच निघाला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. बिघाड शोधून दुरुस्त केला, आणि बॅकअप पुन्हा पूर्ण उघडून बघितल्यावरच खुर्चीतून उठल्या. रंगाला रंगाच्या जागी आणायला चार महिने लागले. च्येन साहेब रोज विचारत, "वर्गात नेमकं झालं काय?" आणि त्या रोज सांगत, "हसायला शिकवलं."

वर्गातली अकरा माणसं आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी गांगशानला बोकडाच्या रश्श्याभोवती जमतात. ज्याने त्याने आपलं एक बिघडलेलं काम घेऊन यायचं, असा ल्वानताईंचा नियम आहे. फान सरही येतात. इस्त्रीच्या शर्टावर रस्सा उडू नये म्हणून गळ्यात रुमाल बांधून बसतात, आणि वाढून घ्यायला सगळ्यांच्या आधी आपलं ताट पुढे करतात.